डोकं खाली, पाय वर

छातीचा विषय निघाला की मी चहा मागवतो. जुनी सवय आहे. फॅक्टरीत नवी पोरं विचारायची, "आण्णा, तुमी शरीरसौष्ठवात पहिले आलेला म्हणं? कशी केलेली तयारी?" की मी लगेच टपरीकडे हात करायचो, "अरे, चार हाफ पाठव इकडं." चहा येईपर्यंत बोलणं उसाच्या भावावर गेलेलं असायचं. घरीही तसंच. बायकोने एकदा ट्रंकेतून तो फोटो काढला. अंगाला शेंगतेल चोपडलेला मी, गळ्यात झेंडूचा हार. तिला तो भिंतीवर लावायचा होता. मी तो परत ट्रंकेत ठेवला, पार घोंगड्यांच्या खाली. तिला वाटलं, उघड्या अंगाची लाज वाटते. मी वाटू दिलं. आता तीही नाही, आणि मी तसं वाटू द्यावं असं कुणी उरलेलं नाही.

यंदा थंडी सुरू झाली तशी छातीत कफ धरला. साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली आणि वर व्यायाम सांगितला. "काका, भिंतीला दोन्ही हात टेकायचे. पाय मागे. हळूहळू भिंतीकडे झुकायचं, परत मागे यायचं. छाती मोकळी होईल."

मी म्हणालो, "म्हणजे हात वर आणि पाय खाली."

त्या हसल्या. "हो. आणखी कसं असणार?"

त्या दिवसापासून मी रोज सकाळी सोप्यातल्या भिंतीसमोर उभा राहतो. हात टेकतो. झुकतो. आणि बरोबर त्याच वेळी पलीकडे फॅक्टरीचा भोंगा होतो. गळिताचा हंगाम लागला आहे. भोंगा झाला की आजही माझे पाय चपला शोधतात, ड्युटी संपून कैक वर्षं झाली तरी. अंगणात येतो, फाटकापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा भिंतीपाशी उभा राहतो. वाळत घातलेल्या धोतरावर चिपाडाची काळी राख पडलेली असते. ती झटकतो. सून म्हणते, "मामा, बसा की जरा एका जागी." मला बसवत नाही.

तोही असाच हंगाम होता. मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. कोरेगावच्या बाजूला आमच्या गावात ऊस पुन्हा उभा राहिला होता, आणि दिवस उजाडायच्या आधीच गाड्यांच्या बैलांची घुंगरं रस्त्याने वाजत जायची. हवेत दोन वास एकमेकांत शिरलेले असायचे, आमच्या गुऱ्हाळाचा गोड आणि फॅक्टरीच्या मळीचा आंबट. आजही मळीचा वास आला की माझ्या दंडांत काहीतरी ताठ होतं. अंगाची आठवण अशीच, ती डोक्याला विचारत नाही.

दस्तगीर आणि मी एकाच तालमीत वाढलो. तो कल्हईवाल्याचा पोरगा. त्याचे वडील, सगळा गाव त्यांना चाचाच म्हणायचा, मारुतीच्या देवळामागे भट्टी लावून बसत. दस्तगीर लहानपणापासून भाता ओढायचा. भांडं तापलं की चाचा त्यात नवसागर टाकत, पांढरा धूर उठायचा, मग कथील फिरवलं की काळं पातेलं चांदीसारखं व्हायचं. पाण्यात बुडवल्यावर होणारा तो चर्र आवाज ऐकायला आम्ही शाळा बुडवत असू. पण त्या सुमाराला घरोघर स्टील येऊ लागलं होतं. लग्नात पितळेऐवजी स्टीलचा संसार मांडला जायचा आणि बायका तो कौतुकाने हात लावून बघायच्या. स्टीलला कल्हई लागत नाही. चाचा भट्टीपाशी बसून खोकत राहत. गिऱ्हाईक नसलं तरी खोकला असायचाच.

आमचं तसं नव्हतं. आम्हाला विहिरीखालचा ऊस होता, थोडी हळद होती. थोरला भाऊ फौजेत. त्याचा वर्दीतला फोटो सोप्यात लावलेला, आणि येणारा प्रत्येक पाहुणा आधी त्या फोटोकडे बघून मग माझ्याकडे बघायचा. ते बघणं मी अजून विसरलो नाही.

तालमीत सामान म्हणाल तर काय होतं? तांबडी माती, तेल-ताक-हळद घालून मऊ केलेली. दोन करेल, म्हणजे खांद्यावरून फिरवायचे जड लाकडी मुदगल, त्यातल्या एकाची मूठ फुटलेली. आणि आम्ही दोघांनी बनवलेला बारबेल. वनस्पती तुपाचे दोन रिकामे डबे घेतले, सिमेंट-खडी भरली आणि मध्ये चाचांच्या अडगळीतली लोखंडी सळई रोवली. एक डबा दुसऱ्यापेक्षा जड झाला. त्यामुळे उचलताना बारबेल नेहमी एका बाजूला झुकायचा आणि दस्तगीर म्हणायचा, "ह्यो डबा पाटलाचा दिसतोय, उठतच न्हाई." बाकी सगळा मामला जोर-बैठकांचा. जोर मारून खांदे भरायचे, दंड भरायचे, छाती वरून गोल व्हायची. पण छातीचा खालचा भाग, बरगडीच्या वर जिथे छाती संपते तिथली रेघ, ती काही उठायची नाही. पूर्वी तिची कुणाला फिकीरही नव्हती. कुस्तीला कशाला हवी रेघ?

फिकीर सुरू झाली ती दादा दिवाळीला सुटीवर आला तेव्हा. त्याने पलटणीतल्या जिमखान्यातल्या गोष्टी सांगितल्या. आरशासमोर उभं राहून अंग दाखवायचं असतं, प्रत्येक स्नायू वेगळा दिसला पाहिजे. आमची अंगं बघून तो म्हणाला, "खालची छाती कुठाय रं तुमची? वर डोंगर आन् खाली सपाट." मग फौजेतल्या हिंदीत, साहेबाची नक्कल करत, "डिक्लाइन मारो! सर नीचे, टांग ऊपर! निचली छाती फट जाएगी!"

"म्हंजे कसं दादा?" दस्तगीरने विचारलं.

"म्हंजे डोकं खाली, पाय वर. त्याला तिरका बाक असतोय. तुमच्याकडं कुठला आलाय." आणि तो चिवडा खायला आत गेला. दोन दिवसांनी गाडी पकडून सीमेवर.

तिरका बाक नव्हता. पण शब्द होते, आणि अर्थ लावायला मी होतो. दहावीपर्यंत शिकलेला, इंग्रजी पाटी वाचणारा. मी दस्तगीरला सांगितलं, "सोपं हाय. पाय कट्ट्यावर ठेवायचे, हात खाली मातीत, आन् जोर मारायचे. डोकं खाली आलं, पाय वर गेले. खालची छाती." शब्दाला शब्द जुळत होता. दस्तगीरने पाय कट्ट्यावर टाकले. पहिल्याच खेपेला त्याचं नाक मातीत गेलं आणि तो तसाच हसत राहिला, मातीत फुंकर मारत. "लय भारी हाय रं वश्या! सगळं रगत डोक्यात!"

मार्गशीर्ष, पौष आम्ही असेच काढले. पहाटे तालमीच्या कौलांतून धुकं आत यायचं. आमच्या अंगातून वाफा निघायच्या. दस्तगीर माझ्यापेक्षा जास्त मारायचा, नेहमीच. भात्यावर घडलेला दम होता तो. त्याची वरची छाती हंड्याच्या काठासारखी पुढे आली. खांदे असे झाले की चाचांच्या जुन्या सदऱ्याच्या बाह्या उसवल्या. खाली मात्र सपाट. माझंही सपाट. "लागंल लागंल," मी म्हणायचो. "खालच्या छातीला येळ लागतोय."

आणि मग फॅक्टरीने जाहीर केलं. हंगाम संपताना शरीरसौष्ठव स्पर्धा, आजूबाजूच्या गावांतल्या पोरांची. पहिल्या येणाऱ्याला फॅक्टरीत सुरक्षा विभागात कायमची नोकरी. ही बातमी संध्याकाळी पारावर आली आणि दस्तगीर धावतच आमच्या घरी आला, दारातूनच ओरडत, "वश्या, कायमची हाय रं! कायमची!" आईने त्याला गूळ-पाणी दिलं. तो प्यायला नाही, नुसता हातात तांब्या धरून उभा. "अब्बाला धुरातनं उठवतो मी आता," तो म्हणाला. "दम्यानं मरंल न्हाईतर त्यो." मग माझ्याकडे बघून थोडा ओशाळला. "तू पयला आलास तर तू. पण आपल्या दोघांतलाच कुणीतरी येणार, बघ."

खरं होतं. आमच्या दोघांतलाच कुणीतरी येणार होता.

माघात आबांबरोबर, म्हणजे वडिलांबरोबर, हळद घेऊन मी सांगलीला गेलो. ट्रकच्या पाठीमागे पोत्यांवर बसून. बाजारात सौदा व्हायला वेळ होता, आबा अडत्याच्या गादीवर टेकले, मी गल्ल्यांतून फिरत राहिलो. सगळीकडे हळदीची पिवळी धूळ. नदीकडे जाणाऱ्या एका गल्लीत लोखंड आपटल्याचा आवाज आला म्हणून डोकावलो. व्यायामशाळा होती. आणि आत, खिडकीखाली, तो तिरका बाक.

त्यावर एक माणूस झोपला होता. डोकं खाली, पाय वर अडकवलेले. अगदी दादाने सांगितल्यासारखं. फक्त तो उताणा होता. आभाळाकडे तोंड करून छातीवरून वजन वर ढकलत होता.

मी दारातच थबकलो. आम्ही सगळा हंगाम मातीकडे तोंड करून होतो.

तिथल्या वस्तादाला मी विचारलं, "पालथं केलं तर? जोर मारल्यागत, पाय वर ठिवून?"

तो म्हणाला, "मग वरची छाती आन् खांदं. खालच्या छातीला काय बी न्हाई." आणि त्याने आपला तळवा माझ्यापुढे धरला. आधी उताणा, बोटं खाली उतरती. "हे असं झोपला तर डोकं खाली." मग हात उलटा केला. "पालथा झालास की सगळं उलटं. पालथ्याला हात वर पायजेत, पाय खाली. पावणं, बाक नसंल तर दोन लाकडांच्या मधी अंग सोडा, थोडं पुढं झुका. बाकाची गरज न्हाई."

एवढंच होतं ते. हात उलटा करण्याएवढं. परतीच्या वाटेवर पोत्यांवर पडून मी किती वेळा माझा तळवा उताणा-पालथा करून बघितला. मला हसू येत होतं. दस्तगीरला सांगायचं आणि दोघांनी पोट धरून हसायचं, असंच ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. हे मी आज माझी बाजू घ्यायला लिहीत नाही.

गावात उतरलो तर दस्तगीर स्टँडवरच होता. तालमीतून आलेला, अंगावर तांबडी माती वाळलेली. चाचांना दवाखान्यात दाखवून आणलं म्हणाला. आणि मग म्हणाला, "कट्ट्यापरीस उंच पायजे वश्या. मी आज पाय खिडकीत ठिवलं. आता बघ कशी फुटती छाती." एवढा उत्साह होता त्याच्या चेहऱ्यावर. अर्थ मी लावला होता, आणि तो खिडकीपर्यंत चढला होता. मला सांगायचं होतं की मी चुकलो. दहावी शिकलेला मी, शब्दाला शब्द जुळवणारा मी. उद्या सांगू, असं मनाशी म्हटलं.

उद्याला मी विहिरीवर होतो.

आमच्या विहिरीवरची मोट बंद होऊन मोटार बसली होती, पण मोटेची दोन जाड लाकडं काठावरून पाण्यावर पुढे आलेली तशीच होती. मध्ये खांद्याएवढं अंतर. त्यांवर दोन हात टेकून मी अंग मध्ये सोडलं. खाली काळंशार पाणी, त्यात माझंच तोंड. झुकलो की ते वर यायचं, उठलो की खाली जायचं. पहिल्याच दिवशी छातीच्या तळाशी अशी कळ आली, अगदी नेमक्या जागी, की मला कळलं. हीच ती जागा. मी रोज जाऊ लागलो, उजाडताना, पाटाला पाणी सोडायच्या निमित्ताने. पारव्यांचा थवा कपारीतून उठायचा, मला दचकवायचा. चोरी करणाऱ्याला पारवेही बघतात असं वाटतं.

संध्याकाळी तालमीत मी पुन्हा त्याच्याबरोबर पाय वर टाकायचो. त्याला संशय नको म्हणून.

मला नोकरीची गरज नव्हती. हे आज मोकळेपणाने लिहितो. मला सोप्यातल्या त्या फोटोशेजारी दुसरा फोटो हवा होता. खाकी, पट्टा, टोपी. एवढ्यासाठी.

फाल्गुन लागला. एका संध्याकाळी अंगाला तेल लावताना दस्तगीर थांबला आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिला. कंदील माझ्या डोक्याच्या वर टांगलेला होता. "वश्या," तो म्हणाला, "तुज्या छातीखाली सावली पडाय लागली गड्या!" त्याने पुढे होऊन बोटाने ती रेघ दाखवली. पोरासारखा खूश झाला होता. मग स्वतःच्या छातीकडे बघितलं. "माज्या का न्हाई रं? मी तर तुज्यापरीस जास्ती मारतोय."

इथे मी थांबायला हवं होतं. इथेच.

मी म्हणालो, "तुजं अंग उशिरा धरतंय. अजून मार."

त्याने बोटाचं तेल मांडीला पुसलं. मग म्हणाला, "व्हय. आमच्या घरात छातीच तशी. अब्बाची बी." आणि पाय पुन्हा खिडकीत टाकले.

बाकी सगळं मला विसरता आलं असतं. विहिरीवरचं लपणं, ती नोकरी. स्पर्धेत माणूस डाव राखून ठेवतो, कुस्तीतही ठेवतो. पण 'तुजं अंग उशिरा धरतंय' हे वाक्य मला विसरता येत नाही. चूक माझ्या समजुतीत होती. मी ती उचलली आणि त्याच्या अंगात नेऊन ठेवली, आणि त्याने ती घेतली. बापाच्या खोकल्याशेजारी ठेवून दिली.

फॅक्टरीचा पट्टा पडला, गाळप संपलं, आणि त्याच आठवड्यात स्पर्धा झाली. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. तारेवर बल्ब. चिपाडाच्या ढिगांवर माणसं बसलेली. आम्ही तेल चोपडून उभे राहिलो. दस्तगीर वर चढला तेव्हा लोकांत जो आवाज उठला तो मी पुन्हा कुणासाठी ऐकला नाही. त्याचे खांदे, त्याची पाठ. चाचा पहिल्या रांगेत, तोंडाला पंचा लावून खोकला दाबत बसलेले.

पंच सांगलीहून आले होते. ते दस्तगीरभोवती फिरले, मान डोलावली, मग समोर येऊन छातीखाली पेन्सिल टेकवली. "हितं सावली पडली पायजे," ते म्हणाले. "बाकी अंग एक नंबर. ही रेघ असती तर तुला कुणी हरवलं नसतं." मग माझ्यापुढे आले. बल्ब वर होता. सावली पडलेली होती.

पहिला मी. दुसरा दस्तगीर.

त्याने मला खांद्यावर उचललं. लोकांतून नाचवत नेलं. तेलाने मी घसरत होतो आणि तो खालून ओरडत होता, "धर की रं नीट, पडशील, साहेब झालास आता!" ट्रंकेतल्या त्या फोटोत मी हसतोय. कुणाच्या खांद्यावर बसून हसतोय ते फोटोत येत नाही. माझ्या मांडीपाशी जरा केस दिसतात, कुरळे. ते त्याचे.

नोकरी मी आयुष्यभर केली. फाटकावर उभा राहिलो, हवालदार झालो, निवृत्त झालो. चाचा दुसऱ्याच पावसाळ्यात गेले, आणि दस्तगीर आईला घेऊन सांगलीला निघून गेला. हळदीच्या बाजारात हमालीला.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा फॅक्टरीच्या कामाने मी सांगलीला गेलो आणि तो भेटला. भेटला म्हणजे त्यानेच मला ओळखलं. पाठीवर पोतं असलेला एक पिवळा माणूस रस्त्यात उभा राहिला आणि ओरडला, "आवं हवालदारसाहेब!" त्याच्या पापण्यासुद्धा हळदीने पिवळ्या झाल्या होत्या. पोतं टाकून त्याने मिठी मारली. माझ्या खाकीवर त्याच्या छातीचा ठसा उमटला. वर गडद, खाली काहीच नाही.

त्याने मला सोडलं नाही. बाजारामागे पत्र्याची एक शेड होती, तिथे तो संध्याकाळी हमालांच्या तरण्या पोरांना व्यायाम शिकवायचा. "फुकट रं. नायतर दारूला लागत्यात." आत गेलो. एक करेल, एक बारबेल. तुपाच्या डब्यांचा. आणि भिंतीकडेला पाच-सहा पोरं ओळीने, पाय बाकावर, हात जमिनीवर, डोकं खाली.

"खालच्या छातीला," दस्तगीर मला अभिमानाने म्हणाला.

कोपऱ्यात एक कॉलेजातलं पोरगं उभं होतं, मिशा फुटत असलेलं. ते म्हणालं, "चाचा, मी सांगतोय तुमाला, हे उलटं हाय. आमच्या जिमखान्यात हात वर ठेवत्यात."

चाचा. त्यालाही आता चाचा म्हणत होते.

दस्तगीर हसला. "उलटं? आरं, हे मला ज्यानं शिकवलं त्यो ह्यो हितं हुबा हाय. फॅक्टरीच्या स्पर्धेत पयला आलेला. ह्येच करून आलेला. मी ह्याच्या जोडीला हुतो, ह्या डोळ्यांनी बघितलंय. माज्या अंगाला न्हाई लागलं, त्यो माज्या अंगाचा दोष. तुमच्या लागंल." आणि माझ्याकडे वळून, "दाव रं वश्या ह्यास्नी."

सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. ते कॉलेजातलं पोरगंही. सांगायला एक वाक्य पुरे होतं. ते वाक्य म्हटलं असतं तर तो पोरांसमोर, त्याच्याच शेडमध्ये, खोटा पडला असता. असं मी त्या क्षणी स्वतःला सांगितलं. किती सोयीचं होतं ते.

मी टोपी काढली. पट्टा सोडला. पाय बाकावर ठेवले, हात खाली टेकले, आणि जोर मारू लागलो. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दस्तगीर ते कॉलेजवालं पोर गप्प झालेलं बघून मांडीवर थाप मारत होता.

पुढे ती पोरं मोठी झाली असतील. चांगल्या व्यायामशाळांत गेली असतील. तिथे कुणीतरी त्यांना हात उलटा करून दाखवलं असेल, आणि ती हसली असतील. 'आमचा हळदवाला चाचा आमाला उलटं शिकवायचा.' हे हसणं मला रोज सकाळी ऐकू येतं, भिंतीला हात टेकले की. त्या हसण्यावर माझं नाव हवं. म्हणून हे लिहिलं. त्या हंगामात पहिला दस्तगीर होता. त्याचं अंग उशिरा धरणारं नव्हतं, त्याच्या घरात छाती तशी नव्हती. त्याला चुकीचं शिकवलं मी, आणि खरं कळल्यावर लपवलंही मीच.

हे आता त्याला सांगता येणार नाही. गेल्या उन्हाळ्यात तो गेला. सांगलीहून आलेल्या हळदीच्या ट्रकच्या एका ड्रायव्हरने बोलता बोलता सांगितलं. छातीच्या दुखण्यानेच गेला म्हणाला. मी त्याला पुढे काही विचारलं नाही. चहा मागवला.

पण सांगलीतल्या शेडच्या त्या संध्याकाळी मी अगदीच काही केलं नाही असं नाही. तो मला सोडायला स्टँडवर आला होता. सातारा गाडी सुरू होऊन थरथरत उभी होती. मी चढलो, खिडकीपाशी बसलो. तो खाली उभा, बाहेरचा गज धरून. तेवढ्यात मला वाटलं, आता. इथे पोरं नाहीत, कुणी नाही. मी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्या वस्तादाने धरला होता तसा धरला. तळवा वर, बोटं खाली उतरती.

"दस्तगीर," मी म्हणालो, "हे बघ. हा उताणा..."

त्याने बघितलं. हसला. आणि मी हात उलटा करायच्या आत त्याने आपला पिवळा हात माझ्या तळव्यावर ठेवला, पालथा, आणि गच्च दाबला.

"येत जा रं," तो म्हणाला. "पोरास्नी दावायला."

कंडक्टरने दोरी ओढली. माझा हात त्याच्या हाताखाली तसाच उताणा होता, आणि तो उलटा करून दाखवायचं राहून गेलं.